ट्रकवर पहिल्यांदा निघताना शिदोरी कशी बांधावी



बैलगाडी जुंपून बाजाराला निघायचं म्हटलं की आपल्या वडीलधाऱ्यांना काही सांगावं लागत नसे. आखाला लावायला वंगण, बैलांना वैरण, पाण्याची कळशी, कंदील, दोर आणि फडक्यात बांधलेली भाकरी, एवढं गाडीत आहे की नाही हे पाहिल्याशिवाय ते बैल जुंपत नसत. पाच-सात कोसांच्या वाटेसाठी एवढी तयारी! आज त्याच घरातला मुलगा, पुतण्या किंवा धाकटा भाऊ ट्रक घेऊन बाराशे किलोमीटरच्या वाटेला लागतो. पाठीमागे गावातल्या पाच-सहा घरांचा कांदा असतो. आणि बरोबर काय, तर एक मोबाईल आणि अंगावरचे सोडून एक जोड कपडे!

पावसाची खात्री नाही, भावाची खात्री नाही, म्हणून घरातल्या एकाने गाडीवर जायचं, असं आता बऱ्याच गावांत दिसतं. काम कष्टाचं आहे, पण इमानाचं आहे. म्हणून पहिल्या लांबच्या खेपेला निघताना बरोबर काय घ्यावं, ते या पत्रिकेत क्रमाने सांगतो आहोत.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. लांबच्या वाटेवर विसरलेली वस्तू चालकाची झोप खाते. पाना नसला तर तो शोधण्यात दोन तास जातात. कागद नसला तर नाक्यावर तीन तास जातात. पोट बिघडलं तर अर्धी रात्र जाते. गेलेला वेळ भरून काढायला चालक मग रात्री जागून गाडी हाणतो, आणि तिथेच घात होतो. तेव्हा सामान बांधायचं ते सोयीसाठी म्हणून नव्हे. चालकाला घाई करावी लागू नये, म्हणून बांधायचं.

वाट कशी असते ते आधी पाहा

पिंपळगाव बसवंतहून कांदा भरून दिल्लीच्या आझादपूर मंडईला जायचं, असं धरू. मालेगाव, धुळे, शिरपूर करत सातपुडा चढायचा, सेंधवा मागे टाकायचं, खलघाटला नर्मदा ओलांडायची, पुन्हा विंध्याचा चढ चढून इंदूर गाठायचं. तिथून गुना, शिवपुरी, ग्वाल्हेर, धौलपूर, आग्रा आणि मग दिल्ली. वाट बाराशे किलोमीटरहून जास्त भरते. एकट्या चालकाने नीट झोप घेत जायचं तर तीन दिवस धरावेत. दोन चालक असतील तर वेळ कमी लागतो. वाटेत अनेक राज्यांच्या हद्दी, दोन घाट आणि हवेचे तीन तऱ्हेचे नमुने लागतात. नाशकातल्या हवेचा अंदाज ग्वाल्हेरला चालत नाही, हे ध्यानात ठेवूनच पेटी भरा.

१. कागदांची थैली

कापडाला मेणकापडाचं अस्तर लावून एक थैली शिवून घ्या. तिच्यात ही कागदपत्रं ठेवा: चालकाचा परवाना, गाडीचं नोंदणीपत्र, विमा, फिटनेसचा दाखला, नॅशनल परमिट, कर भरल्याची पावती, धुराचा दाखला, आणि मालाची बिल्टी व बाजार समितीची पावती.

प्रत्येक कागदाची मुदत निघण्याआधी स्वतः वाचा. मालक म्हणतो म्हणून विश्वास ठेवू नका. मालवाहू गाडी चालवायला वय वीस पूर्ण लागतं, आणि तिचा शिकाऊ परवाना काढण्याआधी हलक्या गाडीचा परवाना हाती येऊन किमान एक वर्ष झालेलं असावं लागतं. परवाना नसताना नुसता हात बसला म्हणून पोराला गाडीवर बसवू नका. अपघात झाला तर विम्याचा सगळा घोळ होतो आणि जमीन विकायची पाळी येते.

२०१८ पासून डिजिलॉकर आणि एम-परिवहन यांतले मोबाईलवरचे कागदही चालतात. तरीपण मोबाईलची बॅटरी संपते, रेंज जाते. म्हणून छापील प्रती जवळ असू द्या. ताज्या कांद्याला किंवा भाजीपाल्याला ई-वे बिल लागत नाही. परतीला मात्र पन्नास हजार रुपयांवरचा कराचा माल भरला तर ते लागतं. ते हातात पडल्याशिवाय गाडी हलवू नये. टोलनाक्यासाठी फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा आहे. त्यात पैसे आहेत का, ते घरूनच बघा.

याच थैलीत एक छोटी वही ठेवा. तिच्यात घरचा, गाडीमालकाचा, आडत्याचा आणि गावातल्या एका जाणत्या माणसाचा फोन नंबर पेनाने लिहा. चालकाचा रक्तगट लिहा. आणि हे दोन नंबर ठळक लिहा: संकटात ११२, आणि राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३. मोबाईल फुटला तरी वही बोलते.

२. झोपेचं सामान

तुम्ही म्हणाल, झोपेला सामान कसलं? तर तेच सगळ्यांत मोलाचं. एक पातळ सतरंजी, उशी, धुऊन वाळवलेली चादर, मच्छरदाणी आणि केबिनच्या काचांना लावायला दोन जाड गडद पडदे. डास चावत असले आणि डोळ्यांवर ऊन येत असलं, तर दिवसाची झोप लागत नाही. न झोपलेला चालक रात्री गाडीवर बसला की ती गाडी निम्मी आंधळी झाली म्हणून समजा.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने साधारणपणे दिवसाला आठ तासांच्या कामाची मर्यादा घातली होती, आणि पाच तास कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. रस्त्यावर हे किती पाळलं गेलं, ते तुम्ही जाणताच. पण शरीराचा हिशेब कायद्याहून कडक असतो. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार या वेळांत माणसाचं शरीर आपोआप झोपेकडे ओढलं जातं. या वेळा शक्यतो चालवण्याच्या नव्हेत, थांबण्याच्या धरा.

झोप आल्याच्या खुणा ओळखायला शिका. मागचे दोन-तीन किलोमीटर आठवत नाहीत, मान एकदम झटका खाते, गाडी पांढऱ्या पट्टीवरून सरकते. अशा वेळी तंबाखूची गोळी, जोरात गाणी, तोंडावर पाणी यांचा गुण दहा मिनिटांपुरता. गाडी पेट्रोलपंपावर किंवा उजेडाच्या धाब्यावर लावा, चहा घ्या आणि वीस मिनिटं पडा. झोपेला औषध झोपच.

सावलीसाठी ट्रकखाली झोपायची सवय फार वाईट. दुसरा कोणी गाडी हलवतो आणि खालचा माणूस त्याला दिसत नाही. झोपायचं ते केबिनमध्ये, नाहीतर धाब्याच्या खाटेवर.

३. पाणी आणि शिदोरी

दहा लिटरचा झाकणाचा कॅन आणि एक बाटली बरोबर हवीच. उन्हाळ्यात केबिनमध्ये इंजिनाची धग आणि बाहेरची झळ, दोन्ही लागतात. दिवसाला चार-पाच लिटर पाणी पोटात जायला हवं. लघवीला थांबावं लागू नये म्हणून पाणी कमी पिणारे चालक असतात. पुढे मुतखड्याचं दुखणं लागलं की खेप कायमची बंद होते.

पहिल्या दोन दिवसांची शिदोरी घरची असावी. दुधात भिजवलेल्या दशम्या टिकतात. बरोबर शेंगदाण्याची कोरडी चटणी, लसूण चटणी, मेतकूट, कांदा, लिंबं. येता-जाता खायला गूळ-शेंगदाणे, फुटाणे, भडंग. ओली भाजी आणि शिजवलेला भात उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंतच, पुढे नाही. धाब्यावर जेवायचं तर ज्या ठिकाणी गाड्यांची गर्दी असते तिथे गरम डाळ-रोटी घ्यावी. तेलकट आणि पोटभर जेवण झालं की स्टिअरिंगवर डुलकी येणार. म्हणून चालवायच्या आधी अर्धपोटी आणि झोपायच्या आधी पोटभर, असा नेम ठेवा.

काही जण स्टोव्ह बरोबर नेतात. हरकत नाही, पण तो केबिनमध्ये पेटवायचा नाही. गाडी थांबवून, खाली उतरून, डिझेलच्या टाकीपासून दूर आडोशाला पेटवायचा.

४. औषधांचा डबा

कापूस, पट्टी, जंतुनाशक, भाजल्यावरचं मलम, तापाची गोळी आणि मिठा-साखरेच्या पाण्याची पाकिटं. पाकीट संपलं तर एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. जुलाब लागले किंवा ऊन लागलं तर हे पाणी घोट-घोट घ्यावं. आराम पडला नाही, तर डॉक्टरकडे जायला उशीर करू नये.

ज्याला साखरेचा किंवा रक्तदाबाचा विकार आहे, त्याने आठ दिवस पुरतील एवढ्या गोळ्या आणि डॉक्टरची चिठ्ठी बरोबर ठेवावी. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याच्या खिशात गुळाचा खडा हवाच. सर्दी-खोकल्याच्या बऱ्याच गोळ्या-औषधांनी झोप येते. त्या घेऊन गाडी चालवू नये. चष्म्याचा नंबर असेल तर जास्तीचा चष्मा न्या. डोळे निघण्याआधी तपासून घ्या. रात्री समोरच्या दिव्याने फार दिपत असेल, तर आज ना उद्या म्हणत बसू नका.

आणि घराबाहेर आठवडे काढणाऱ्या तरुणाशी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. एड्स आणि गुप्तरोग माणूस पाहून ओळखता येत नाहीत. मोह टाळावा हे चांगलंच. पण डब्यात निरोध असणं ही लाजेची गोष्ट नाही, घरच्या लक्ष्मीची काळजी आहे.

५. गाडीची पेटी

आता गाडीचं सामान. मालकाने दिलंय असं गृहीत धरू नका. एकेक वस्तू हातात घेऊन पाहा:

जॅक आणि तो बसवायला जाड फळी. चाकाच्या नटांचा पाना आणि त्याची दांडी. हवा भरलेली स्टेपनी. टायरची हवा मोजायचं गेज. पंख्याचा पट्टा, फ्यूज, दिव्यांचे बल्ब. इंजिन ऑईल, रेडिएटरसाठी पाण्याचा वेगळा कॅन. पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, तार, चिकटपट्टी. बॅटरीचा हातदिवा. ताडपत्री आणि जास्तीचे दोर. चाकाला लावायचे लाकडी ठोकळे. चमकणारे त्रिकोण. आग विझवायची नळकांडी, मुदतीतली.

ठोकळ्यांबद्दल एक सांगणं आहे. बंद पडलेल्या गाडीच्या चाकाला लोक दगड लावतात आणि जाताना तो रस्त्यावरच सोडतात. रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो दगड यमदूत होतो. आपले ठोकळे असले की दगड शोधायला नको, आणि कुणाचा जीवही जायला नको.

गाडी बंद पडली तर शक्य तेवढी कडेला घ्या, धोक्याचे दिवे लावा आणि त्रिकोण मागे निदान पन्नास पावलांवर ठेवा. हमरस्त्यावर त्याहून लांब, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. अंधारात उभा असलेला ट्रक मागून येणाऱ्याला दिसत नाही. नुसती झाडाची फांदी ठेवून भागत नाही.

गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. उकळतं पाणी कारंज्यासारखं तोंडावर येतं. आधी इंजिन थंड होऊ द्या.

एप्रिल २०२० नंतरच्या नव्या डिझेल ट्रकांना डिझेलशिवाय आणखी एक पातळ औषध वेगळ्या टाकीत लागतं. चालक त्याला ‘युरिया’ म्हणतात. आपण शेतकरी, युरियाची गोणी आपल्या ओळखीची. तेव्हा मनात येईल की घरचीच गोणी पाण्यात विरघळवून ओतू. तसं मुळीच करू नका. त्या औषधात साडेबत्तीस टक्के अतिशुद्ध युरिया आणि खनिजरहित पाणी असतं. शेतातल्या युरियाने पंप आणि जाळी खराब होते, आणि दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो. टाकी रिकामी झाली तरी इंजिनाची ताकद कमी होते. म्हणून सीलबंद डबा बरोबर ठेवा.

६. ऋतूप्रमाणे वाढवायच्या वस्तू

हिवाळा: डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरच्या पुढे रात्री हाडं गोठवणारी थंडी आणि पहाटे दाट धुकं असतं. जाड ब्लँकेट, कानटोपी, लोकरीचे मोजे घ्या. दिवे आणि मागची चमकपट्टी पुसायला फडकं ठेवा. दहा पावलांपुढचं दिसेनासं झालं की रस्त्यावर न थांबता पंपाच्या किंवा धाब्याच्या आवारात गाडी घ्या. आणि हे नीट ऐका: थंडी वाजते म्हणून बंद केबिनमध्ये कोळशाची शेगडी घेऊन झोपू नका. तिचा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, आणि झोपलेला माणूस उठत नाही.

उन्हाळा: सुती कपडे, डोक्याला पंचा, कॅनला गुंडाळायला ओलं पोतं. २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालट्रकांना थंड हवेची केबिन सक्तीची केली आहे. पण रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या त्याआधीच्या आहेत. तेव्हा दुपारची वेळ झाडाखाली काढावी.

पावसाळा: रेनकोट, प्लास्टिकच्या पिशव्या, वायपरचं जास्तीचं रबर. कांद्यावर ताडपत्री पावसापुरती घाला, उघडीप मिळाली की बाजू मोकळ्या करून वारा खेळू द्या. हवाबंद झाकलेला कांदा घामेजतो आणि मंडईत पोचेतो वास मारतो.

७. काय नेऊ नये

दारू नेऊ नये. अनोळखी माणसाने दिलेलं पार्सल नेऊ नये, मग तो कितीही गोड बोलो. वाटेत कोणी ‘झोप उडवायची गोळी’ किंवा अफूची भुकटी देऊ केली, तर हात जोडावेत. ती गोळी झोप उडवत नाही, शुद्ध उडवते. शिवाय सापडल्यास तुरुंग ठरलेला. मालावर माणसं बसवू नयेत. शेतकऱ्याला आपल्या मालाबरोबर जायचंच असेल, तर त्याने केबिनमध्ये, पट्टा लावून बसावं. गोण्यांच्या थप्पीवर बसलेला माणूस पहिल्याच जोराच्या ब्रेकला खाली येतो.

पैसे सगळे एका खिशात ठेवू नयेत. थोडे वरच्या खिशात, थोडे आतल्या पिशवीत, बाकी बँकेत. डिझेलच्या टाकीला कुलूप हवंच.

आणि जास्तीच्या गोण्या नेऊ नयेत. हे सांगणं चालकापेक्षा आपल्याला आहे. ‘अजून वीस गोण्या बसतील रे’ असं आपणच म्हणतो ना? २०१९ च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या कायद्यात जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. दंड राहू द्या. त्या वीस गोण्या घाटात ब्रेकवर बसतात. जुलै २०२३ मध्ये धुळे जिल्ह्यात पळासनेरला घाटातून उतरणाऱ्या एका कंटेनरचे ब्रेक निकामी झाले आणि तो रस्त्याकाठच्या हॉटेलात घुसला. चहा पीत बसलेली, एसटीची वाट पाहणारी माणसं गेली.

घाट उतरताना नियम सोपा आहे: ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करू नका, इंजिन बंद करू नका. इंजिन बंद झालं की ब्रेकची हवा भरणं थांबतं आणि स्टिअरिंग जड होतं. दोन थेंब डिझेल वाचवताना अख्खी गाडी जाते.

८. घरच्यांनी काय करावं

मुलगा गाडीवर असताना सारखा फोन करू नका. ‘कुठं पोचलास, कधी येतोस’ हे विचारण्याच्या दोन वेळा ठरवा, सकाळी एक आणि रात्री थांबल्यावर एक. चालत्या गाडीत फोन घ्यायचा नाही, असा दोघांत करार करा. आडत्याला आणि मालकालाही स्वच्छ सांगा की गाडी अमुक दिवशी पोचेल, त्याआधी नाही. पाच रुपये भाव कमी मिळाला तर पुढच्या खेपेला भरून निघेल. रात्री तीन वाजता मिटलेले डोळे मात्र कोणी उघडून देत नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या एकाने ही पत्रिका हातात धरून मोठ्याने वाचावी आणि जाणाऱ्याने एकेक वस्तू दाखवावी: कागद, वही, अंथरूण, पाणी, शिदोरी, औषधं, पाना-जॅक, ठोकळे, त्रिकोण, ऋतूचे कपडे. अर्ध्या तासाचं काम आहे. मग त्याला लवकर झोपू द्या. गाडीचा पहिला दिवस भरल्या झोपेने सुरू झाला, तरच सारी शिदोरी कामी येते.

ही पत्रिका वाचून झाल्यावर टाकून देऊ नका. ज्यांच्या घरचं कोणी गाडीवर आहे, त्यांना द्या.